माझं तेलुगू आणि तालुक्याचे पेरू

हातातला चहा जरा खाली ठेवा. पुढं ऐकताना कुणाच्या अंगावर सांडला, तर मला बोलायचं नाही. आणि ते दार ओढून घ्या. हा किस्सा अख्ख्या हदगाव तालुक्याला पाठ आहे, पण माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेला नाही. लोक सांगतात त्यात तिखटमीठ लावलेलं असतं. मी सांगतो तो खरा. खरा त्याहून वाईट आहे!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा मास्तर. गाव मुखेडकडचं, नोकरी हदगावकडं. म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या खालच्या टोकाचा माणूस वरच्या टोकाला नेऊन टाकलेला. आता मुखेडच्या पुढं देगलूर आणि देगलूरच्या पुढं तेलंगणा. एवढ्यावरून हदगावच्या मंडळींनी ठरवून टाकलं की ह्या माणसाला तेलुगू येतं.

"बालाजी सर, तुम्ही तिकडचेच की! घरी तेलुगूच बोलत असाल?" बदली होऊन आलो त्याच महिन्यात एकानं विचारलं.

'नाही' म्हणायला काय लागतं हो? एक शब्द. पण मी म्हणालो, "बोलतो म्हणजे? मला स्वप्नंसुद्धा तेलुगूत पडतात!"

खरं सांगू? लहानपणी वडलांबरोबर देगलूरकडच्या बैलबाजारात जायचो. तिथं कानावर जे पडलं ते माझं तेलुगू. ये, बस, पाणी, किती, नको. आणि बैल चालता चालता अडला की माणसं त्याला जे बोलतात, ते. ते मात्र अगदी शुद्ध उच्चारात.

हे एवढ्यावर भागलं असतं. पण मधे आला तो ग्रुप.

वेगवेगळ्या राज्यांतल्या शिक्षकांचा मोबाईलवरचा ग्रुप. हेतू लई चांगला. कुठं काय शिकायला मिळतंय, कुठली शाळा काय नवं करून राहिली, ते एकमेकांना सांगायचं. एखादी संधी एका राज्यात आली तर ती दुसऱ्या राज्यातल्या मास्तरालाही कळावी. केरळचे सर, ओडिशाच्या मॅडम, राजस्थानचे गुरुजी. जीव ओतून कामं करणारी माणसं. आणि त्यांच्यात मी.

माझं तिथलं काम काय? कुणी काही टाकलं की खाली हात जोडायचे आणि तेच उचलून आमच्या तालुक्याच्या ग्रुपात फेकायचं. वाचायचं नाही! वाचत बसलो तर दुसरा कुणीतरी आधी टाकतो ना. एकदा आसामातल्या महिला शिक्षकांच्या शिबिराची माहिती मी आमच्याकडं टाकली आणि वर लिहिलं, 'ही संधी दवडू नका.' आमच्या मुख्याध्यापकांनी बॅग काढली होती माळ्यावरून.

त्या ग्रुपात राजन्ना सर होते. आदिलाबादकडचे. माझ्याशी हिंदीत बोलायचे, पण कधीकधी ग्रुपात तेलुगूत लिहायचे. मग मी काय करायचो? मोबाईलमधल्या भाषांतराच्या सोयीत मराठी टाकायचं, तेलुगू निघालं की ते तिथं चिकटवायचं, आणि त्याचा फोटो आमच्या तालुक्याच्या ग्रुपात. 'तेलंगणाच्या मित्राशी सहज गप्पा.' खाली अंगठ्यांची रांग! माणसाला बिघडायला अजून काय पाहिजे?

एक दिवस राजन्ना सरांचा फोन. "सर, मैं शादी में नांदेड आ रहा हूँ. एक दिन आपके टीचर लोगों से मिलता हूँ. अपने स्कूल का काम बताता हूँ."

साधी गोष्ट. शाळेत चटया टाकायच्या, चहा करायचा, बोलायचं. पण मी ते आमच्या केंद्रप्रमुखांच्या, कदम साहेबांच्या, कानावर घातलं. साहेबांच्या हातात साधी गोष्ट दिली की तिचा सोहळा होतो. हॉल ठरला. शाली ठरल्या. लातूरच्या शिक्षकांनाही आवतण गेलं. कशासाठी? तर दोन जिल्हे आले की बॅनरवर 'विभागीय' लिहिता येतं!

मी म्हणालो, "साहेब, राजन्ना सरांना हिंदी चांगलं येतं."

साहेबांनी चष्मा काढला. "हिंदीत बोलले तर सगळ्यांनाच कळंल की, बालाजी सर. मग त्यात काय विशेष? त्यांना तेलुगूत बोलू द्या. तुम्ही बाजूला उभं राहून मराठी करा. दोन माईक! फोटो कसा येईल सांगा!"

फोटो माझ्या डोळ्यांपुढं आला. मी मान डोलावली. बैल मान डोलावतो तशी.

घरी सांगितलं. आमची सविता लातूरची, कापूस पिंजल्यासारखं बोलत नाही, थेट बोलते. भाकरी थापता थापता म्हणाली, "तेलुगूत 'उद्या'ला काय म्हणतात हो?"

मी पाणी प्यालो.

"तसं न्हाई, सहज विचारायले. आणि 'काल'ला?"

"अगं, भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द नसतो. भाव पकडायचा असतो!"

"भाव बाजारात पकडा. इथं माणसं ऐकायला यायलेत. त्या सरांना फोन लावा, काय बोलणार ते हिंदीत समजून घ्या, कागदावर उतरवून घ्या. मिटला मामला."

किती सोपं होतं! पण फोन करून विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं. म्हणून मी तिलाच शिकवलं, "सगळे संस्कृत शब्द आहेत त्यांच्यात. पुस्तकम्, भोजनम्. शेवटचा म् काढला की झालं मराठी."

"हाव का? मग तुमच्या इज्जतीचं काय काढायचं?"

बायकांना भाषाशास्त्र कळत नाही, असं म्हणून मी ताटावरून उठलो.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. हॉल भरलेला. पुढच्याच रांगेत लातूरच्या मंजुषा मॅडम, दोन सहकारी बायकांना घेऊन एसटीनं आलेल्या. मला मुद्दाम भेटल्या. म्हणाल्या, "सर, आमच्या शाळेत पोरांकडून शेतीची बाग करून घ्यायचीय. तिकडच्या शाळा लई चांगलं करायलेत म्हणं. जाऊन बघता येईल का, शिकता येईल का, तेवढं विचारायचंय. चांगली संधी आमच्यापर्यंत येईस्तोवर संपलेली असती हो."

"काळजी करू नका," मी म्हणालो. "मी आहे ना मधे!"

राजन्ना सर आले. सडपातळ, पांढरा शर्ट, बोलणं कमी. साहेबांनी त्यांना सांगितलं, "आप तेलुगू में ही बोलिए. हमारे बालाजी सर सब मराठी कर देंगे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अच्छा? फिर तो बढिया है." आणि किंचित हसले. त्या हसण्यावरूनच मी सावध व्हायला पाहिजे होतं. पण मी शर्टाची कॉलर नीट करत होतो.

दोन माईक. एकावर ते, एकावर मी.

"अंदरिकी नमस्कारम्!"

"सर्वांना नमस्कार!" मी गरजलो. टाळ्या. बघा, काय अवघड आहे?

"मा बडिलो व्यवसायम् नेर्पिस्ताम्."

मा. बडिलो. व्यवसाय. मा म्हणजे आई, बडिलो म्हणजे वडील, दुसरं काय असणार? "सर सांगतात, त्यांचे आईवडील व्यवसाय करायचे!"

राजन्ना सरांची एक भुवई वर गेली. मला वाटलं, आईवडलांची आठवण आली असेल.

"उपाध्यायुलकु इदि मंचि अवकाशम्."

उपाध्याय, मंच, अवकाश! मी म्हणालो, "मंचावरील तसेच मंचाखालील सर्व शिक्षकांनी आता अवकाशाकडे बघावं!"

हॉलमधल्या निम्म्या लोकांनी वर पाहिलं. वर पंखा होता. कदम साहेब शेजारच्याच्या कानात म्हणाले, "दृष्टी बघा, दृष्टी! आपण अजून फळ्यावरच हाय."

आता मला चव लागली.

"वसति, भोजनम्, अन्नी उचितम्."

"वस्ती आणि भोजन नेहमी उचित ठिकाणीच करावं!" परगावच्या लग्नात बिनबोलावता जेवून येणारे दोनचार जण खाली बघायला लागले.

"इदि मा आह्वानम्!" राजन्ना सरांनी दोन्ही हात पसरले.

"हे माझं आव्हान आहे!" मी मूठ आवळून टेबलावर आपटली.

तेलंगणातून येऊन आव्हान? मागून एक मास्तर उठला. दंड थोपटायचाच बाकी होता. "आम्ही स्वीकारतो! हदगाव मागं हटणार न्हाई!" मग काय, टाळ्यांचा कडकडाट. राजन्ना सरांनी रुमाल काढून तोंडावर धरला. मला वाटलं, भारावले!

आणि मग ते शेवटचं वाक्य. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून उच्चारलं. माझ्याकडं बघत.

"ई रोजे. मी पेरु. इव्वंडि."

रोज. मी. पेरू. अहो, हे तर मराठीच! "सर सांगतात, मी दररोज पेरू देतो. तुम्हीपण मुलांना दररोज पेरू द्या!"

तुम्ही हसताय. तिथं कुणी हसलं नाही! तिथं वह्या उघडल्या! कदम साहेब उभेच राहिले. "ऐकलं का? तेलंगणा पेरूवर गेलं! आजपासून आपल्या केंद्रातल्या प्रत्येक शाळेत पेरू. लिहून घ्या."

आमचे मुख्याध्यापक उठले. "साहेब, पेरूचा खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा?"

"आणि हंगाम नसंल तेव्हा?" दुसरे.

"पेरूचा जाम चालंल का? चित्र लावलं तर?" तिसरे.

शंका विचारण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही. पेरू कापून द्यायचा की अख्खा, यावर तिथं दोन गट पडले. आणि ह्या सगळ्या गोंधळात मंजुषा मॅडमनी हात वर केला.

"पेरूचं असू द्या," त्या म्हणाल्या. "बालाजी सर, त्यांना एवढं विचारा, आम्हाला त्यांची शाळा बघायला, तिथं राहून शिकायला यायचं असेल, तर काय करावं लागतं?"

झालं! आत्तापर्यंत तेलुगूचं मराठी करायचं होतं. ते मराठीतच होतं, म्हणून जमलं. आता मराठीचं तेलुगू! ह्याचा मी विचारच केला नव्हता. मोबाईल खिशात होता, पण माईकपुढं उभं राहून मोबाईलला विचारतात का कुठं? सगळा हॉल माझ्याकडं. राजन्ना सर माझ्याकडं. अगदी शांतपणे, हाताची घडी घालून.

"राजन्ना सर... मॅडम... इक्कड रा..." मी सुरुवात केली. म्हणजे इकडं ये. "कूर्चो..." म्हणजे बस. "नीळ्ळु..." म्हणजे पाणी.

राजन्ना सरांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि माझ्या हातात दिला. तेवढं भाषांतर मात्र तंतोतंत पोचलं.

तिथंच थांबायचं ना! पण वाक्य अर्धवट वाटत होतं. शेवटाला काहीतरी जोरकस पाहिजे म्हणून मी आत चाचपडलो, आणि बैलबाजारातला तो शब्द बाहेर आला. माईकवर. शुद्ध उच्चारात.

राजन्ना सर एक पाऊल मागं सरकले. मग पुढं आले, माझ्या हातातला माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाले,

"मॅडम, बसा. मीच सांगतो."

मराठीत!

"माझी आई किनवटची हाय. आमच्या घरी मराठीच बोलतात. मला तेलुगूत बोला म्हणले, म्हणून बोललो."

मी ग्लासातलं पाणी प्यालो. ग्लास रिकामा झाला तरी पीतच राहिलो. दुसरं करणार काय?

"आता ह्या सरांनी जे सांगितलं ते चांगलंच हाय," राजन्ना सर म्हणाले, "पण मी बोललो ते जरा वेगळं. बडि म्हणजे शाळा. व्यवसायम् म्हणजे शेती. आमच्या शाळेत आम्ही पोरांना शेती शिकवतो, असं म्हणलो. माझे वडील शिंपी होते. अवकाशम् म्हणजे संधी. शिक्षकांना ही चांगली संधी हाय, तुमच्यातल्या काहीजणांनी आमच्याकडं येऊन राहावं, शिकावं, आणि तुमचं आम्हाला शिकवावं. उचितम् म्हणजे फुकट. राहणं, जेवण, समदं फुकट. आणि आह्वानम् म्हणजे निमंत्रण हो! भांडण न्हाई." मागच्या त्या मास्तरानं हळूच बूड टेकलं.

"आणि पेरू?" कदम साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"पेरु म्हणजे नाव. ई रोजे म्हणजे आजच. तुमचं नाव आजच द्या, असं म्हणलो. जागा मोजक्या हायत, आणि नावं मला आज संध्याकाळपर्यंत कळवायची हायत."

त्यानंतर जे हसू फुटलं ते हदगावच्या स्टँडवर ऐकू गेलं असेल. आणि हसता हसता सगळे उठून पुढं पळाले. मंजुषा मॅडम आणि त्यांच्या दोघी सगळ्यांच्या आधी पोचल्या. आमचे मुख्याध्यापक तर मला ढकलून पुढं गेले. कोपरानं! मी स्टेजवरून उतरून रांगेत लागेस्तोवर जागा भरल्या होत्या. ज्या माणसानं राजन्ना सरांना तालुक्यात आणलं, तो सोडून सगळे निघाले तेलंगणाला.

मी खाली मान घालून विचारलं, "सर, पहिल्याच वाक्याला मला थांबवायचं ना. कामून बोलू दिलं?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबवणार होतो. पण तुमचं भाषण माझ्यापेक्षा रंगायलं होतं." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "आणि वाईट वाटून घेऊ नका. शेवटचं जे बोललात ना, ते अगदी बरोबर तेलुगू होतं. आमच्या आजोबांनंतर मी आजच ऐकलं."

तुम्हाला वाटेल, साहेबांनी पेरूचा ठराव मागं घेतला असेल. छे! तो लिहिला गेला होता ना. आमच्याकडं चुकीचं बोललेलं खोडता येतं, चुकीचं लिहिलेलं राबवावं लागतं. पुढं कितीतरी दिवस केंद्रातल्या शाळांमधून पेरू वाटले जात होते, आणि पोरं खूश होती. माझ्या आयुष्यात एवढंच एक शैक्षणिक काम झालं म्हणायचं.

आता एवढी अक्कल आल्यावर माणसानं गप्प बसावं की नाही?

थोड्याच दिवसांनी राज्याराज्यांच्या त्या ग्रुपात राजन्ना सरांनी माझा माईक धरलेला फोटो टाकला. खाली भलामोठा तेलुगू मजकूर. तो भाषांतराच्या सोयीत टाकून बघायला मला धीर कुठला? त्याखाली प्रत्येक राज्यातून चेहरे. हसणारे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे. मला वाटलं, आनंदाश्रू! माणूस मोठ्या मनाचा, म्हणालो. झालं गेलं विसरून चार चांगले शब्द लिहिले बघा.

उत्तर तर द्यायला पाहिजे. मोबाईलनं खाली तेलुगूत दोनतीन तयार उत्तरं सुचवली होती. त्यातलं जे लांब आणि नम्र दिसलं ते मी दाबलं. मग तो अख्खा मजकूर फोटोसकट उचलला आणि पाठवून दिला. तालुक्याच्या ग्रुपात, जिल्ह्याच्या ग्रुपात, लातूरला सासरवाडीच्या ग्रुपात. वर लिहिलं, 'माझ्या कार्याविषयी तेलंगणातून आलेले गौरवोद्गार.' अभिनंदनाचा नुसता पाऊस! सासऱ्यांनी तर तो फोटो स्वतःच्या नावापुढं लावला.

दुपारी एक फोन आला. देगलूरकडचा एक मास्तर. तो राज्याराज्यांच्या ग्रुपातही होता, पण कधी चकार शब्द लिहायचा नाही, त्यामुळं मला त्याचा पत्ताच नव्हता.

"सर, तुम्हाला तेलुगू येतं ना?"

"येतं की!" सवय हो, दुसरं काय!

"मग राजन्ना सरांनी लिहिलेलं वाचलंत?"

"वाचलं म्हणजे काय! दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं."

"येणारच. मी वाचून दाखवू का?" असं म्हणून त्यानं मराठी करून वाचायला सुरुवात केली. पहिल्यापासून सगळं होतं त्यात. आईवडील, अवकाश, पेरू. बैलसुद्धा. आणि शेवटी लिहिलं होतं, 'मित्रांनो, तुमच्या राज्यात कार्यक्रम ठेवलात तर भाषांतराला ह्या सरांनाच बोलवा. भाषण कुणाला कळणार नाही, पण हॉलमधून एक माणूस उठून जाणार नाही.'

"बरं झालं," मी म्हणालो, "मी खाली नुसतं धन्यवाद लिहिलंय."

"धन्यवाद न्हाई सर, तुम्ही लिहिलंय, 'तप्पकुंडा वस्तानु.' नक्की येतो."

मी फोन ह्या कानावरून त्या कानाला लावला.

"आणि सर, ओडिशाच्या मॅडमनी खाली हिंदीत विचारलंय, तुम्ही वाचलं नसंल. गाडीचं तिकीट कोणत्या तारखेचं काढू?"